वेब्लीच्या अंगावरच्या खुणा

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज या लिलावघरात एक मराठा तलवार विक्रीला निघाली. युरोपीय बनावटीचे एकधारी पाते, मुठीवर सोन्याचे नक्षीकाम आणि पात्याच्या पाठीशी देवनागरीत सोन्याने लिहिलेली एक ओळ. त्या ओळीत राघोजी भोसल्यांचे नाव होते आणि छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दिलेला ‘सेनासाहेब सुभा’ हा किताबही होता. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती तलवार मिळवली. हाताळणी, वाहतूक, विमा असा सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली.

युरोपातून आलेली पाती अठराव्या शतकात दख्खनमध्ये नवलाची नव्हती. सोनेरी मुठीच्या तलवारीही देशोदेशीच्या संग्रहांत बऱ्याच आहेत. ही तलवार कुणाची, एवढे सांगणारी ती ओळ मात्र शाबूत राहिली होती. मधल्या पावणेतीनशे वर्षांत एखाद्या मालकाने ‘जरा लख्ख दिसू दे’ म्हणून पाते घासून काढले असते, तर नागपूरच्या पहिल्या रघुजीराजांशी, म्हणजे याच राघोजींशी, असलेले तिचे नाते पुसले गेले असते आणि ती अनेकांतली एक होऊन एखाद्या परदेशी दिवाणखान्यात लटकली असती.

ही गोष्ट नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. तलाव, राजे रघुजी नगर हे नाव, भोसल्यांचा इथला वाडा अशा भोसल्यांच्या खुणा या भागात पावलोपावली आहेत. याच वाड्यात पुढच्या पिढीतल्या राजे रघुजीरावांनी १९०८ मध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबांना सन्मानाने आणून ठेवले. पण त्याआधीच राज्य गेले होते. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले आणि भोसल्यांचे जडजवाहीर लिलावात निघाले. १८२१ मध्ये वसलेली कामठीची छावणी आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून बनवलेला मध्य प्रांत यांच्याबरोबर इथे नव्या धाटणीची शस्त्रे आली. लष्करी अधिकारी, पोलीस कप्तान, जंगलखात्याचे साहेब यांच्या कमरेला तलवारीऐवजी रिव्हॉल्व्हर दिसू लागले. पुढे काही मालगुजार आणि जहागीरदार घराण्यांतही ते परवान्याने आले. जुन्या घरातल्या कपाटात, पेटीत, चामड्याच्या म्यानासकट सापडणारे जड, काळपट रिव्हॉल्व्हर बहुधा या काळाचे असते. त्यातले सर्वांत नामांकित म्हणजे .४५५ बोअरचे वेब्ली.

सव्वा किलोच्या आतले यंत्र

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये अधिकृत शस्त्र म्हणून स्वीकारले. ते पहिले मार्क. त्यानंतर एकामागून एक सुधारणा होत १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, सहावे मार्क आले. सहा इंचांची नळी, चौकोनी बुडाची मूठ, सहा काडतुसांचे सिलिंडर आणि सुमारे ११०० ग्रॅम वजन. .४५५ इंच म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. गोळी जवळजवळ १७ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला १८० ते १९० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून थोडा जास्त. मोठी, जड आणि संथ गोळी जवळच्या अंतरावर समोरच्याला जागीच थांबवते, या विश्वासावर हा बोअर निवडला होता. वसाहतींतल्या लढायांनी तो विश्वास पक्का केला.

वेब्लीची खरी करामत ते भरण्या-रिकामे करण्यात आहे. चौकटीच्या डाव्या अंगाला, घोड्याच्या जरा पुढे, अंगठ्याखाली येईल अशी एक कळ असते. ती दाबली की वरची कडी सुटते आणि नळी सिलिंडरसकट बिजागरीवर पुढे झुकते. झुकता झुकता सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराची चकती वर उचलली जाते आणि सहाही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकते. नवी काडतुसे भरायची, नळी वर ढकलायची, कडी ‘खट्’ करून बसते. घोड्यावर बसलेल्या स्वाराला किंवा खंदकातल्या चिखलात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला एकेक पुंगळी काडीने ढकलत बसायची सवड नसे. त्याच्यासाठी ही रचना मोलाची होती.

या घराण्यात एक भारताशी जोडलेला विलक्षण मोहराही आहे. वेब्ली-फॉसबेरी हे स्वयंचलित रिव्हॉल्व्हर. गोळी सुटल्यावर बसणाऱ्या धक्क्याने त्याचा वरचा भाग मागे सरके, सिलिंडर फिरे आणि घोडा आपोआप चढे. त्याचा कर्ता कर्नल जॉर्ज फॉसबेरी बंगाल सैन्यातला. वायव्य सरहद्दीवरच्या १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. खंदकातल्या धुळीत ती सरकती यंत्रणा टिकली नाही आणि सैन्याने ते कधी अधिकृत केले नाही, पण संग्राहक आज त्याच्यासाठी जीव टाकतात.

पहिल्या महायुद्धानंतर सैन्याचा विचार बदलला. नव्या रंगरुटाला एवढा धक्का सोसून नेम धरायला शिकवणे कठीण, म्हणून .३८ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर पुढे आले. १९४७ पर्यंत .४५५ वेब्ली अधिकृत वापरातून गेले. नळी पुढे झुकवून भरायची त्याची चाल मात्र भारतात जिवंत आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातली .३२ रिव्हॉल्व्हरे याच घराण्यातली. २०१४ मध्ये आलेले जेमतेम ५०० ग्रॅमचे ‘निर्भीक’ही तसेच. २०२० मध्ये तर वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडिला इथे कारखाना निघाला.

लोखंडावरची कागदपत्रे

जुने वेब्ली हातात घेणारा जाणकार आधी त्याची चमक बघत नाही. तो भिंग काढतो.

चौकटीवर अनुक्रमांक ठोकलेला असतो. तोच अंक सिलिंडरवर असला, तर भाग मूळचेच आहेत असे मानता येते. अंक जुळले नाहीत, तर कधीतरी दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचा भाग बसवला गेला. सिलिंडरवर आणि नळीवर मुकुटाखाली अक्षरे असलेले छोटे ठसे असतात. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात जादा दाबाची काडतुसे उडवून हे शस्त्र तपासले आहे, याची ती ग्वाही. हे चाचणीगृह १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने सुरू झाले. रुंद पात्याच्या बाणाचे चिन्ह दिसले तर शस्त्र सरकारी मालकीचे होते. असे दोन बाण टोकाला टोक भिडवून ठोकले असतील, तर ते पुढे सरकारी सेवेतून काढून विकले गेले. मुठीच्या पट्टीवर एखाद्या पलटणीची अक्षरे असू शकतात.

काही वेब्लींवर सरकारी बाण नसतो, दुकानाचे नाव असते. ब्रिटिश अधिकाऱ्याला आपले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या खिशातून घ्यावे लागे. त्यात सरकारी काडतूस बसले पाहिजे, एवढीच अट होती. त्यामुळे कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांच्यासारख्या बंदूकवाल्यांची आणि लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीची नावे नळीच्या माथ्यावर कोरलेली सापडतात. या सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत दुकान थाटले. काळा घोड्याजवळची ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ आजही त्याच नावाने उभी आहे. कामठीच्या छावणीत रुजू होणारा तरुण लेफ्टनंट बोटीतून उतरला की तंबू, खाट, कंदील आणि हवे ते शस्त्र अशा दुकानातून घेऊन पुढची आगगाडी पकडू शकत होता.

एका रिव्हॉल्व्हरचा जन्म, चाचणी, विक्री, नोकरी आणि निवृत्ती अशा खुणांतून वाचता येते. हे सगळे ठसे मिलिमीटरच्या काही अंशांइतकेच खोल असतात. पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर ते काही मिनिटांत जातात.

आकड्यांनी लावलेला छडा

या खुणांचे मोल इंग्रज सरकार पुरते ओळखून होते. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठवलेल्या २० पिस्तुलांपैकी होते. शस्त्र कुठून आले हा धागा पकडून तपास लंडनपर्यंत गेला आणि मार्च १९१० मध्ये सावरकरांना अटक झाली.

कलकत्त्यात २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. प्रत्येक पिस्तुलाचा अंक नोंदवलेला होता. पुढची काही वर्षे बंगालात जिथे जिथे माउझर सापडले, तिथे तिथे पोलीस तो अंक यादीशी ताडून पाहत.

आणि तिसरी गोष्ट खास जतनाशी जोडलेली. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर खेडच्या शिवराम राजगुरूंनी आणि भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल पुढे पंजाबातून इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहात आले आणि इतर शस्त्रांच्या रांगेत अनामिकपणे पडून राहिले. गंज लागू नये म्हणून शस्त्रांना काळा रंग फासला होता, त्याखाली त्याचा अंक झाकला गेला होता. दलातल्या अधिकाऱ्यांनी जुन्या खटल्याच्या कागदांतला अंक शोधला, एकेका शस्त्रावरचा रंग काढून पाहिला आणि १६८८९६ हा अंक एका पिस्तुलावर उमटलेला सापडला. २०१७ मध्ये ते लोकांना पाहायला मिळाले. रंग फासणाऱ्याने पोलाद वाचवण्याच्याच हेतूने तो फासला होता. रंगाऐवजी कुणी कानस चालवली असती, तर हे पिस्तूल कोणते, हे सिद्ध करणे फार कठीण झाले असते.

विकत घ्यायचे म्हटले तर

अमेरिकेत किंवा युरोपात जुने मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर विकत घेऊन ते पूर्वरूपात आणणे हा हजारो लोकांचा छंद आहे. भारतात चित्र वेगळे आहे आणि ते स्पष्ट माहीत असायला हवे.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत आलेला शस्त्र कायदा भारतीयांना निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालच्या नियमांत .४५५ आणि .३८० ची लष्करी काडतुसे उडवू शकणारी रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित वर्गात धरली आहेत. लोक ज्याला ‘पीबी’, म्हणजे प्रतिबंधित बोअर म्हणतात, तो हाच. अशा शस्त्राला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. ती नसताना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे आणि कमाल १४ वर्षे कैद आहे. हौस म्हणून .४५५ वेब्ली विकत घेण्याचा रस्ता सामान्य नागरिकाला बंदच आहे.

‘शंभर वर्षे जुने आहे, म्हणजे पुराणवस्तू, मग परवाना कशाला?’ हा समज गावोगावी आहे आणि तो घातक आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या किंवा पुराणमूल्याच्या शस्त्राला सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही कधी चालू शकणार नाही, ही अट तिथेच आहे. १९१५ चे वेब्ली तेल घातल्यावर आजही चालू शकते. त्यामुळे वय कितीही असले तरी कायद्याच्या लेखी ते बंदूकच. उलट शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते, मग ती देशाबाहेर नेता येत नाही.

वैध मार्गाने जुने रिव्हॉल्व्हर घ्यायचेच असेल, तर उरते ते .३२ सारखे अप्रतिबंधित बोअर. त्यासाठी आधी परवाना हवा. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो, त्याची मुदत आता पाच वर्षांची असते, प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीत स्वतंत्र क्रमांक असतो आणि शस्त्राचा अंक परवान्यात चढतो. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकातच थांबल्यामुळे त्याआधी आलेली विलायती .३२ रिव्हॉल्व्हरे हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांच्या घरात गेल्या. अशा व्यवहारात आधी पाहायचा तो अंक. परवान्यातला, चौकटीवरचा आणि सिलिंडरवरचा अंक एकच आहे का, बिजागरी सैल तर नाही, घोडा चढवल्यावर सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसते का, हे परवानाधारक विक्रेत्याच्या आर्मररकडून तपासून घ्यावे.

घरातले शस्त्र वारशाने मिळण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. परवानाधारक वारला, किंवा त्याने वयाची सत्तरी गाठली, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, तर कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र २०१९ पासून एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, वारसाहक्काच्या धरून. जास्तीची ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते.

आणि जतनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे आठवे. शस्त्रावरचे नाव, अंक किंवा ओळखीची खूण खोडणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. ज्याच्याकडे खूण नसलेले शस्त्र सापडेल, त्यानेच ती खोडली असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे त्याने सिद्ध करायचे. घासूनपुसून चकाचक करणाऱ्या हौशी माणसाने इतिहास पुसलेला असतो आणि शिवाय आपल्या मानेभोवती फासही आवळून घेतलेला असतो. दुरुस्तीलाही परवानाधारक कारागीरच लागतो. कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे ते नेणे बेकायदा आहे.

गंज, चिंच आणि कुंकू

पोलादाचा शत्रू पाणी आणि मीठ. नागपूरची हवा दोन टोकांची: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर, त्यात अक्रोडाच्या लाकडी मुठी सुकून भेगाळतात. जुलै-ऑगस्टात कोंदट हवा कपाटात शिरते आणि पोलादावर लाल पावडर चढू लागते. घामेजल्या बोटाचा ठसा पुसला नाही, तर काही दिवसांत तो गंजाच्या रूपाने उठतो. म्हणून संग्रहालयात शस्त्राला हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नाही.

चामड्याचे म्यान हा दुसरा शत्रू. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात राहतात, शिवाय ते ओलावा धरून ठेवते. आजोबांनी प्रेमाने म्यानात घालून ठेवलेले रिव्हॉल्व्हर नेमके चामड्याला टेकलेल्या अंगाने खड्डे पडलेले निघते, आणि म्यानाची पितळी बटणे हिरवा काट चढून बसलेली असतात. शस्त्र एकीकडे, म्यान दुसरीकडे ठेवायचे, हा पहिला नियम.

मग आपल्याकडच्या सवयी. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, म्हणून पोलादालाही चिंच किंवा लिंबू लावले जाते. ते आम्ल गंज काढते आणि थांबत नाही, चांगले पोलादही खाते. राख, रांगोळी, विटकरीचा भुगा ठशांच्या कडा बोथट करतात. खोबरेल तेल सुरुवातीला चकाकते, पण वनस्पती तेले हवेत चिकट होतात, त्यावर धूळ बसते आणि यंत्रणा जाम होते. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करताना ओले हळद-कुंकू थेट पोलादावर लावले, फुले वाहिली आणि शस्त्र तसेच दुसऱ्या दिवसापर्यंत राहिले, की ओल्या ठिपक्यांच्या आकाराचे डाग कायम राहतात. पूजा करावी, गंध-फूल शेजारच्या पाटावर वाहावे, आणि लगेच कोरड्या सुती कापडाने शस्त्र पुसून खनिज तेलाचा पातळ हात द्यावा.

वेब्लीवरचा निळसर काळा रंग कुठून येतो, हे कळले की त्याला घासायची इच्छाच होत नाही. तो रंगाचा थर नसतो. जुन्या पद्धतीत कारागीर पोलादावर सौम्य आम्लाचे मिश्रण लावून त्यावर मुद्दाम गंज चढवत. मग तो भाग उकळत्या पाण्यात घालत. उकळल्याने लाल गंजाचे रूपांतर काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये होते. वरची भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे अनेक फेरे झाले की खोल निळा-काळा थर तयार होतो आणि तोच पोलादाचे गंजापासून रक्षण करतो. शंभर वर्षांनी त्याचा करडा-तपकिरी झालेला पोत हाही त्या शस्त्राच्या इतिहासाचाच भाग. तो काढून नवा चमकदार थर चढवलेल्या वेब्लीला जगभरच्या लिलावांत मूळ, झिजक्या वेब्लीपेक्षा कमी बोली लागते.

म्हणून आजची संवर्धनाची रीत अगदी हलक्या हाताची आहे. सुरुवात छायाचित्रांनी होते. प्रकाश एका बाजूने तिरपा टाकला की साध्या डोळ्यांना न दिसणारे ठसेही उठून दिसतात. सैल गंज खनिज तेलात भिजवून लाकडी किंवा हाडाच्या काडीने अलगद उचलतात. ज्या गंजाचा थर आता वाढत नाही, त्याला हात लावत नाहीत. शेवटी रेनेसान्स वॅक्ससारख्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर देतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात घडवलेले हे मेण आज बहुतेक संग्रहालयांत वापरतात. लोखंडी वस्तूंच्या कपाटात सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली राखायची असते. त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटे आर्द्रतामापक पुरेसे होते. वेब्लींच्या मुठी बहुधा काळ्या कडक रबराच्या असतात. त्यातले गंधक उजेडाने बाहेर पडून त्या तपकिरी होतात, म्हणून त्या उन्हापासून दूर ठेवायच्या.

अंक घासला गेलाच, तर तो पूर्ण मरत नाही, हे विज्ञानाचे एक सुंदर देणे आहे. ठसा ठोकताना पोलादाचे कण खाली खोलवर दाबले जातात. वरचा भाग घासून सपाट केला तरी दाबलेला भाग आम्लाला वेगळा प्रतिसाद देतो आणि अंक पुन्हा उमटतो. न्यायसहायक प्रयोगशाळा याच पद्धतीने खोडलेले अंक वाचतात. नागपुरातही अशी प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. पण हे काम प्रयोगशाळेचे आहे आणि दरवेळी यश येतेच असे नाही.

बिघडवलेल्या वेब्लींचा धडा

दुसऱ्या महायुद्धानंतर निवृत्त झालेली हजारो वेब्ली अमेरिकेत स्वस्तात गेली. तिथे .४५५ काडतूस मिळेना, .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचे काडतूस मात्र मुबलक होते. विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू कापून ते बसेल अशी सोय केली. घेणाऱ्याला वाटले, जुने शस्त्र उपयोगी झाले. पण .४५ एसीपीचा दाब .४५५ च्या दाबाच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि बर्मिंगहॅममध्ये ते शस्त्र ज्या दाबाला तपासले होते त्याच्याही वर जातो. चौकटी ताणल्या, कड्या सैल झाल्या, काही सिलिंडर फुटले. आज तिथले संग्राहक मूळ सिलिंडर असलेल्या वेब्लीला चांगली जादा किंमत मोजतात. कापलेल्याला ती मिळत नाही आणि कापलेले परत जोडता येत नाही.

भारतातल्या घरांतली वेब्ली या कापाकापीतून वाचली, याचे एक कारण आपला कडक कायदाच आहे. काडतुसे नाहीत, वापर नाही, म्हणून कुणी छेडछाड केली नाही. जी उरली आहेत त्यांतली बरीच जन्मली तशी असण्याची शक्यता आहे. कामठीची छावणी, मुंबईचे दुकान, एखादी पलटण अशी विदर्भाच्या इतिहासाची तुटक टिपणे त्यांच्या अंगावर आहेत. नागपुरात ती वाचणारी जागाही आहे: १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि त्यातले शस्त्रांचे दालन. जप्तीत किंवा जमा होऊन आलेली, वारस नसलेली जुनी शस्त्रे पोलीस गोदामांतून नष्ट होण्याआधी एकदा संग्रहालयाच्या जाणकाराने पाहावीत, अशी व्यवस्था शहराने आणि राज्याने करायला हवी. राघोजी भोसल्यांची तलवार परत आणायला लंडनला बोली लावावी लागली. घरात आणि गोदामात पडलेल्या वस्तूंसाठी तसे करावे लागणार नाही.

तोवर वाचकाने एवढे करावे. सक्करदऱ्याच्या, महालच्या किंवा कोणत्याही गावातल्या जुन्या घरात कपाट आवरताना रिव्हॉल्व्हर हाती लागले, तर ते भरलेले आहे असेच समजा. चाप, घोडा, कळ यांना हात लावू नका. मुलांना दूर करा. घासू नका, तेल घालू नका, ‘चालते का’ म्हणून पाहू नका. आहे तिथेच राहू द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. जुना परवाना, पावत्या, आजोबांची कागदपत्रे शोधून ठेवा. पोलीस शस्त्र ताब्यात घेतील तेव्हा पंचनाम्यात त्यावरचा प्रत्येक अंक, प्रत्येक ठसा आणि दुकानाचे नाव जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगा, आणि त्याची प्रत मागून घ्या.